दोन तुकड्यांचा निकाल कसा लावावा
(नमपायमध्ये मॅट्रिक्स जोडू पाहणाऱ्या नवशिक्यांसाठी सात पायऱ्या)

साहित्य: संगणक, पायथन, नमपाय, कपभर चहा आणि दहावी अ व दहावी ब यांचे घटक चाचणीचे गुण. प्रत्येक तुकडीत तीनच मुलं धरू. एवढ्या पटावर शाळा चालत नाही, उदाहरण चालतं. प्रत्येक मुलाची एक आडवी ओळ, गणित आणि विज्ञान हे दोन उभे रकाने. म्हणजे तीन ओळी, दोन रकाने असे दोन तक्ते. यांचा एक तक्ता करायचा आहे. निकाल लागेलच. कुणाचा, ते पुढे कळेल.

पायरी १. सरळ अधिकचं चिन्ह वापरा.
जोडायचं म्हणजे अधिक, हे आपण पहिलीत शिकलो. संगणक कुरकुर करणार नाही. अ तुकडीतल्या पहिल्या मुलीचे गणितातले ७२ आणि ब तुकडीतल्या पहिल्या मुलाचे ७१ एकत्र होऊन १४३ येतील, तेही शंभरपैकी. पालक खूश. ओळी मात्र तीनच उरतील, म्हणजे निम्मी मुलं गायब. ‘पण काल हेच चिन्ह नीट चाललं होतं!’ काल तुम्ही साध्या लिस्ट घेतल्या होत्या. लिस्टमध्ये अधिक म्हणजे एकामागे एक लावणं, नमपायच्या ॲरेत अधिक म्हणजे घरागणिक बेरीज. चिन्हाची माहेरची रीत वेगळी, सासरची वेगळी.

पायरी २. मग अपेंड करा.
नावच किती आश्वासक! पण अपेंडला ॲक्सिस सांगितला नाही, तर ते दोन्ही तक्ते लाटून सपाट करतं. हाती येते बारा आकड्यांची एक लांबलचक रांग. कोण कुणाचं, गणित कुठलं, विज्ञान कुठलं, काही विचारू नका. शिवाय मूळ तक्ता बदलतच नाही; नवी प्रत मिळते, आणि ती कुठल्या नावात ठेवली नाही तर तीही हवेत जाते.

पायरी ३. दिशा नशिबावर सोडा.
कॉन्कॅटेनेटला ॲक्सिस शून्य दिला की ब तुकडी अ तुकडीच्या खाली बसते: सहा ओळी, दोन रकाने. एक दिला की शेजारी बसते: तीन ओळी, चार रकाने. (हेच व्हीस्टॅक आणि एचस्टॅक.) दुसऱ्या प्रकारात अ तुकडीच्या मुलीला चार विषय झाले, त्यातले दोन दुसऱ्याच मुलाचे. नवशिक्यांनी नाणं उडवावं. ज्यांना घाई नाही त्यांनी एवढंच लक्षात ठेवावं: जो ॲक्सिस सांगाल ती बाजू वाढते, बाकीच्या बाजू आधीपासून सारख्या असाव्या लागतात.

पायरी ४. बसत नसेल तर रीशेप करा.
ब तुकडीच्या बाईंनी तक्ता आडवा पाठवला. पहिल्या ओळीत गणित: ७१, ४१, ८८. दुसरीत विज्ञान: ६५, ५८, ९०. व्हीस्टॅक लाल अक्षरांत ओरडेल की मापं जुळत नाहीत. त्याचं तोंड बंद करायला रीशेप करून तीन ओळी, दोन रकाने करा. ओरडा थांबेल. पहिल्या मुलाला आता ७१ आणि ४१ मिळतील. हे ४१ शेजारच्याचे गणिताचे, याच्या विज्ञानात जमा झाले. रीशेप आकडे वाचनाच्या क्रमाने नव्या चौकटीत भरतं, तक्ता फिरवत नाही. फिरवायला ट्रान्स्पोज लागतो. तो ७१ आणि ६५ देतो. पण त्यासाठी आधी लाल अक्षरं वाचावी लागतात.

पायरी ५. गैरहजर मुलासमोर ‘गैरहजर’ असं लिहा.
प्रामाणिकपणा चांगलाच. पण नमपायच्या ॲरेत सगळी घरं एकाच जातीची असतात. एका शब्दापायी सगळे आकडे शब्द होतात, आणि शब्द कोशातल्यासारखे लागतात: १०० आधी, मग ३५, मग ९. उतरत्या क्रमाने गुणवत्ता यादी लावा. नऊ गुणांचा मुलगा पस्तीसवाल्याच्या वर, शंभरवाला तळाला.

(धीर सुटतोय? नमपायही असंच जोडकाम आहे. आधी न्यूमेरिक आणि नमॲरे अशा दोन लायब्रऱ्या होत्या. एक लहान ॲरेंना चपळ, दुसरी मोठ्यांना, आणि वापरणारे दोन तुकड्यांत वाटलेले. २००५ मध्ये ट्रॅव्हिस ऑलिफंट यांनी दोन्ही एकत्र आणण्याचं काम हाती घेतलं, २००६ मध्ये नमपाय १.० आलं. नुसतं अधिकचं चिन्ह टाकून ते झालं नाही.)

पायरी ६. एकेक मूल लूपमधून जोडा.
हजार मुलं असतील तर मजा येते. दर वेळी नमपाय जुना तक्ता उचलून नव्या जागी पुन्हा लिहितं: एक ओळ, दोन, तीन, करत करत एकूण ५,००,५०० ओळी. सगळ्या ओळी आधी एका साध्या लिस्टमध्ये गोळा करून शेवटी एकदाच जोडल्या, तर जोडताना हजारच लिहाव्या लागतात. मग चहा प्यायला वेळ कुठून मिळणार?

पायरी ७. शेवटी मोजा.
ही पायरी नवशिके गाळतात, म्हणून मी शेवटी ठेवली आहे. लाल अक्षरांनी आजवर कुणाचा निकाल बिघडवला नाही. बिघडवला तो गुपचूप आलेल्या उत्तरांनी. सहलीहून निघताना बाई बसमध्ये डोकी मोजतात, तसा जोडणीच्या आधी आणि नंतर शेप, म्हणजे किती ओळी आणि किती रकाने, छापा. सहा मुलं नेली होती, सहा ओळी आल्या? छान. पण रीशेप करून जोडल्यावरही ओळी सहाच आल्या असत्या. म्हणून एखादी ओळ मूळ गुणतक्त्याशी ताडून पाहा. डोकी सहा भरली, तरी खिडकीपाशी बसलेला मुलगा आपल्याच शाळेचा आहे ना, हे बाई वाकून बघतातच.