मालिशीचं जॉबवर्क : होतकरूंसाठी मार्गदर्शन

भोसरी एमआयडीसीत स्वतःचं वर्कशॉप टाकायचं तर गाळ्याचं डिपॉझिट, जुनं का होईना एक लेथ, थ्री-फेज कनेक्शन आणि पेमेंटची नव्वद दिवस वाट पाहण्याइतकं काळीज लागतं. मालिशीच्या स्वतंत्र धंद्याला दोन हात आणि दोन गुडघे पुरतात. तेव्हा पिंपरी ते चाकण पट्ट्यातल्या होतकरूंनी या क्षेत्राचा गांभीर्याने विचार करावा.

आधी नाव. 'मसाज' हा शब्द चुकूनही तोंडातून काढू नका. 'मसाज' म्हटलं की सोसायटीचे चेअरमन तातडीची मीटिंग बोलावतात, 'मालिश' म्हटलं की विचारतात, "कितव्या मजल्यावर बाळ झालं?" पदनाम एकच : मावशी. तुमचं वय पंचवीस असलं आणि बाळाची आई चौतीस वर्षांची असली, तरी तुम्ही मावशी. पुरुष उमेदवारांनी निराश होऊ नये. भोसरीत तालमी आहेत. मात्र पैलवान एकमेकांचं अंग फुकट रगडतात, त्यामुळे तिथे मार्केट थंड.

आता धंद्याचं मर्म. आमच्याकडच्या कुठल्याही व्हेंडरला ते एका शब्दात कळेल : जॉबवर्क. माल पार्टीचा, मेहनत आपली. तेल त्यांचं, डाळीचं पीठ त्यांचं, साय-हळद त्यांची, गीझर त्यांचा आणि बाळही त्यांचंच. आपण फक्त जायचं, पाटावर बसायचं, पाय लांब करायचे आणि नडग्यांवर जॉब सेट करायचा. शून्य इन्व्हेंटरी शिकवायला कंपन्या जपानहून साहेब आणतात. आमच्या मावशींची इन्व्हेंटरी म्हणजे एक पंचा आणि मिश्रीची डबी.

क्वालिटी डिपार्टमेंट म्हणजे आजी. एक आजी असेल तर निभतं. दोन असतील तर ऑर्डर घेण्याआधी दहादा विचार करा. साताऱ्याची आजी खोबरेलावर अडून बसते, लखनौची दादी सरसोंच्या तेलाशिवाय बाटली उघडू देत नाही. त्यात बालरोगतज्ज्ञांचा फोन येतो. वाग्भटाने 'अष्टांगहृदया'त रोजचा अभ्यंग सांगताना डोकं, कान आणि पायांवर भर दिलाय. हे डॉक्टर तान्ह्याच्या कानात तेल म्हटलं की स्वतःच्या कानाला हात लावतात. धुरीचंही तेच. आजीला वेखंड-ओव्याचा धूर हवा, डॉक्टरांना तो बाळाच्या छातीजवळही नको आणि चौदाव्या मजल्यावरचा फायर अलार्म डॉक्टरांच्या बाजूचा. अनुभवी मावशी निखारे बाल्कनीत नेते, "दिली हो धुरी," म्हणून आतल्या दिशेला ओरडते आणि बाळ आतच ठेवते. डॉक्टर बरोबर आहेत हे तिला ठाऊक असतं. आजीला ते सांगणं तिच्या ऑर्डरमध्ये बसत नाही.

वेळापत्रक कडक. सकाळी सात ते बारा, घरं सात. दुपारी दोनला कोणी बाळाला न्हाऊ घालत नाही, त्यामुळे उत्पादन वाढवायचं तर घरामागची मिनिटं कमी करा. नाइट शिफ्ट करून आलेला बाप शेजारच्या खोलीत झोपलेला असतो, तो दार आपटून निषेध नोंदवेल. लक्ष देऊ नका. हायवेपलीकडचं काम मात्र घेऊ नये. चाकणच्या तळेगाव चौकात कंटेनरमागे अडकलात तर इकडे न्हाणीघरात पाणी निवतं आणि तिकडे बाळ झोपतं. झोपलेल्या बाळाला उठवून मालिश करा असं सांगणारी आई आम्ही अजून पाहिलेली नाही.

गेटवर ॲपमध्ये फोटो निघतो, नंबर मिळतो. जाताना पिशवी उघडून दाखवावी लागते. वर नऊशे चारमध्ये तीन किलोचं लेकरू बिनधास्त तुमच्या हाती दिलेलं असतं, खाली पंचा झटकून तपासला जातो. या प्रकाराला सोसायटीच्या नियमावलीत 'सिक्युरिटी' म्हणतात.

दर सांगताना सर्वात महाग वाक्य लक्षात ठेवा : "द्या तुमच्या मनाने." याने समोरच्याची झोप उडते. बारशाची साडी वेगळी.

हे मार्केट तयार कसं झालं, हेही जाणून घ्या. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, मग टेल्को, बजाज करत करत २००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगन. लातूर-बीड-जळगावहून माणसं आली, टू-बीएचके झाले, माहेर मात्र गावाला राहिलं. पूर्वी सातवा महिना लागला की लेक माहेरी जायची. शेक-शेगडी, पोट बांधणं, अंग चोळणं सगळं आई करायची. आता आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असतं आणि लेकीला हॉस्पिटल वाकडचंच हवं असतं. म्हणून तासाच्या हिशेबाने माहेर मागवतात. हाक मावशी अशी मारतात, आत्या अशी नाही, ते उगाच नाही.

२०१७ च्या दुरुस्तीनंतर नोकरदार आईला पहिल्या दोन बाळंतपणांत सव्वीस आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. तुमचा करार आईपुरता सव्वा महिन्याचा, बाळापुरता ते चालायला लागेपर्यंतचा. पहिलं पाऊल टाकलं की घरचे टाळ्या वाजवतात, व्हिडिओ काढतात. तुम्हीही वाजवा आणि पुढचं घर शोधायला लागा.

पीएफ नाही. ई-श्रमवर नोंदणी करता येते, पण वय सोळा ते एकोणसाठ लागतं. आमच्या मावशी एकसष्ट वर्षांच्या आहेत आणि त्यांची सातही घरं भरलेली आहेत. मोशीतलं साडेदहाचं बाळ मात्र परवापासून टेबल धरून उभं राहतंय. कोणाला सातवा महिना लागला असेल तर आत्ताच सांगून ठेवा.