डेककर आणि बंदरकर

क्रूझकर हा खराडीत अलीकडे वाढीला लागलेला मनुष्यप्रकार आहे. वय पस्तीस ते पंचावन्न. नोकरी ईऑन आयटी पार्कमध्ये किंवा वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये, घर तिथून चालत जाण्याच्या अंतरावर, आणि तरीही रोज अर्धा तास गाडीत. खराडी 1997 साली पुणे महापालिकेत आली. त्याआधी ते नदीकाठचे शेतीचे गाव होते. मुळा-मुठा अजूनही त्याच्या कडेने वाहते, पण तिच्यावरची जलपर्णी पाहायला कोणी पैसे मोजत नाही. उन्हाळ्यात सोसायटीच्या फाटकाशी टँकर उभे राहतात आणि बाथरूममधला शॉवर हा शोभेचा भाग होतो. अशा ठिकाणच्या माणसाला चार दिवस चहूबाजूंनी पाणी असलेल्या जागी काढावेसे वाटले तर त्याला नावे ठेवता येत नाहीत.

क्रूझकराच्या मुख्य जाती दोन. बोटीला वाहन समजतो तो बंदरकर, आणि बोटीलाच मुक्काम समजतो तो डेककर. बंदरकराला रोज सकाळी नवे गाव लागते. डेककराला किनारा दिसला की घरी परत आल्यासारखे वाटते. एजंटांच्या भाषेत पहिल्याची सफर ‘पोर्टवाली’ आणि दुसऱ्याचा दिवस ‘सी-डे’. दोघांचा धर्म मात्र एकच, पैसे वसूल. तिकिटाचा आकडा दोघेही भागतात. बंदरकर त्याला बंदरांनी भागतो, डेककर जेवणांनी. उत्तर लहान आले की दोघांनाही सारखेच समाधान होते.

जुनेपणाचा मान बंदरकराकडे जातो. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या बोटी मुंबईहून निघून हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशा थांबत थांबत पणजीपर्यंत जात. इतकी बंदरे इतक्या कमी वेळात दाखवणारी सफर आजची कोणतीही कंपनी देत नाही. धक्का नसेल तिथे बोट खोल पाण्यात उभी राही आणि माणसे, ट्रंका, कोंबड्या पडावात उतरवल्या जात. सँतोरिनीला आजही मोठे जहाज बाहेर नांगर टाकते आणि प्रवासी छोट्या बोटींनी किनाऱ्याला जातात. तिथे त्याला ‘टेंडर’ म्हणतात, त्याचे फोटो काढतात आणि तो अनुभव पुस्तिकेत छापतात. कोकणातल्या आजोबांनी ते दर मे महिन्यात, उलटी आवरत, केले होते. सी-डे ही कल्पना त्यांना समजावून सांगणे अवघड गेले असते. बोटीवर बसायचे, कुठेही उतरायचे नाही आणि तिकीटही काढायचे?

डेककराचा उदय अर्थातच नंतरचा. 2005 च्या सुमारास ‘सुपरस्टार लिब्रा’ हे जहाज मुंबईहून फेऱ्या करू लागले, तेव्हा मजा म्हणून समुद्रावर जाणे मराठी मध्यमवर्गाच्या कानावर आले. ऑक्टोबर 2018 मध्ये ‘आंग्रिया’ मुंबई-गोवा मार्गावर सुरू झाली. सप्टेंबर 2021 पासून कॉर्डेलिया कंपनीचे ‘एम्प्रेस’ मुंबईहून सुटू लागले आणि खराडीत क्रूझकर नावाची जात खऱ्या अर्थाने पक्की झाली. हे जहाज 1990 साली फ्रान्समध्ये सेंत-नाझेरला ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावाने बांधले गेले, आणि तेही मुद्दाम तीन-चार रात्रींच्या छोट्या सफरींसाठी. लाँग वीकेंडला जोडून एक रजा टाकणाऱ्या माणसाची गरज फ्रान्समधल्या जहाजबांधणाऱ्यांनी तेव्हाच ओळखली होती म्हणायची.

या जहाजाच्या फेऱ्यांमुळे निवडीचा प्रश्न अगदी उघडा पडला. एक सफर मुंबईहून निघते, समुद्रात फिरते आणि मुंबईलाच परत येते. मध्ये एकही बंदर नाही. दुसरी गोव्याला जाते. तिसरी लक्षद्वीपला. बंदरकराला पहिली सफर ऐकूनच घाम फुटतो. “म्हणजे रिंगरोडला चक्कर मारून परत घरी?” असे तो विचारतो. डेककराला तीच सर्वांत शुद्ध वाटते, कारण तिच्यात कोणीही “चला, आवरा” म्हणणार नसते.

बंदरकराची ओळख त्याच्या एक्सेल शीटवरून पटते. ही शीट सफरीच्या पाच महिने आधी तयार होते. पहिल्या रकान्यात बंदर, दुसऱ्यात बोट लागण्याची वेळ, तिसऱ्यात बोटीवर परतण्याची शेवटची वेळ, चौथ्यात ‘बफर’. मग ‘बघायचेच’, ‘जमल्यास’ आणि ‘फक्त बाहेरून’ असे तीन रकाने. रंग ऑफिसातलेच: झालेल्या कामाला हिरवा, अडकलेल्याला लाल. बफरचा रकाना हे खराडीचे खास योगदान आहे. बायपासच्या सिग्नलवर ज्याचे आयुष्य घडले, तो माणूस जगातल्या कोणत्याही गावात पाच किलोमीटरला पन्नास मिनिटे धरूनच चालतो. त्यामुळे तो बोट कधी चुकवत नाही, पण रोमही नीट पाहत नाही. रोमचे बंदर चिवितावेक्किया. तिथून शहर सत्तर-ऐंशी किलोमीटर. जाणे-येणे, रांगा आणि बफर वजा जाता रोमच्या वाट्याला जेमतेम चार तास येतात. कोलोसियम ‘फक्त बाहेरून’ मध्ये पडते, त्रेवीच्या कारंज्यात नाणे टाकण्याचे काम चालता चालता उरकले जाते आणि पिझ्झा आगगाडीत खाल्ला जातो. रात्री शीटमध्ये रोमचा चौकोन हिरवा होतो. दुसऱ्या दिवशी नेपल्स.

यात बंदरकराचा सारा दोष आहे असेही नाही. बोट कोणासाठी थांबत नाही, हा इथला पहिला नियम. कंपनीने स्वतः नेलेल्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज सहसा थांबते. स्वतःच्या जबाबदारीवर गेलेल्यासाठी थांबत नाही. उशीर झालेले लोक धक्क्यावरून धावतात आणि वरच्या डेकवरचे लोक हातात पेले घेऊन त्यांना टाळ्या देतात. या धावणाऱ्यांना इंग्रजीत ‘पिअर रनर’ असे नावच आहे. कंपनीची सहल महाग असते म्हणून बंदरकर ती घेत नाही, आणि बोट सुटेल म्हणून झोपतही नाही. गोव्याच्या फेरीत तर त्याची आणखी पंचाईत होते. बोट मुरगावला लागते, पणजीला नव्हे. तिथून टॅक्सीवाल्याशी घासाघीस करून तो पणजी, जुने गोवे आणि एक देऊळ उरकतो. यातले प्रत्येक ठिकाण त्याने कॉलेजात असताना पाहिलेले असते, तेव्हा जास्त वेळ होता आणि खर्च कमी.

बंदरकराचे खरे दुःख म्हणजे हुकलेले बंदर. लक्षद्वीपमध्ये प्रवाळाच्या कठड्यामुळे मोठे जहाज बेटाला लागू शकत नाही. लहान बोटींनी उतरावे लागते. समुद्र खवळलेला असला तर कप्तान बेत रद्द करतो. तो अधिकार तिकिटाच्या अटींमध्येच कप्तानाला दिलेला असतो, आणि बंदराची फी सोडली तर बहुधा काही परत मिळत नाही. अशा दिवशी बंदरकर रिसेप्शनच्या रांगेत पहिला असतो. त्याच रांगेच्या बाजूने डेककर टॉवेल खांद्यावर टाकून, शीळ घालत, पोहायला जातो. दोघांमध्ये आयुष्यभराचे वितुष्ट येते ते असल्या प्रसंगी.

आता डेककर. हा विश्रांती घ्यायला आलेला असतो आणि विश्रांतीचीही त्याच्याकडे योजना असते. सी-डेला पहाटे सव्वासहाला तो नाइट-पँटवर वर येतो, तलावाकाठच्या चार आरामखुर्च्यांवर टॉवेल पसरतो, एकीवर बायकोची चप्पल, दुसरीवर मुलाचा चष्मा, तिसरीवर अर्धवट वाचलेले पुस्तक ठेवतो आणि खाली जाऊन नऊपर्यंत झोपतो. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्याचा तो सख्खा नातू आहे. काही जहाजांवर ठरावीक वेळ रिकामी राहिलेल्या खुर्चीवरचा टॉवेल कर्मचारी उचलतात. हे कळल्यापासून डेककर दर अर्ध्या तासाने मुलाला वर पिटाळतो. मूल विश्रांतीला कंटाळते.

त्याचा दिवस जेवणांत विभागलेला असतो: न्याहारी, अकराचे पोहे-उपमा, दुपारचा बुफे, चारचा चहा, रात्रीचे बसून जेवण आणि मध्यरात्रीचा ‘स्नॅक’. भूक हा निकष नसतो. “आपण पैसे भरलेत” हे एकच वाक्य त्याला पाचव्या पदार्थाकडून सहाव्याकडे नेते. फोन बंद ठेवणार, हा त्याचा निर्धार पहिल्या दिवशी पक्का असतो. किनारा दिसेनासा झाला की मोबाइल जहाजाचे महाग नेटवर्क पकडतो, म्हणून तो फ्लाइट मोडवर टाकून अभिमानाने सगळ्यांना दाखवतो. दुसऱ्या दिवशी दुपारी तो वाय-फायच्या पॅकेजची चौकशी करतो. संध्याकाळी डेकवर, सूर्यास्ताकडे पाठ करून, लॅपटॉपवर कोणाला तरी “मी लीव्हवर आहे, पण बोल” असे सांगताना सापडतो.

डेककराला वाटते तितका सी-डे निरुपद्रवी नसतो. जहाजावरचा कॅसिनो आणि करमुक्त दुकाने बंदरात असताना साधारणपणे बंद ठेवावी लागतात. बोट खोल समुद्रात गेली की दारे उघडतात. उतरायला जागा नाही, हातात वेळ आहे आणि खिशातल्या कार्डाचे खोलीच्या बिलाशी लग्न लागलेले आहे, अशा माणसाला घड्याळांचा सेल दाखवला की काय होते ते शेवटच्या सकाळी दाराखालून सरकवलेल्या बिलात दिसते. ते बिल वाचताना डेककराचा भागाकार बिघडतो. बंदरकर बाहेर टॅक्सीवर खर्च करतो, डेककर आत. कंपनी दोघांवरही सारखीच माया करते.

सी-डेची हद्द पाहायची असेल तर अटलांटिकच्या फेऱ्या पाहाव्यात. उन्हाळ्यासाठी युरोपात आणि हिवाळ्यासाठी कॅरिबियनमध्ये जहाजे हलवावी लागतात; त्या हलवण्याच्या फेऱ्यांना लागोपाठ सहा-सात दिवस जमीन दिसत नाही आणि तिकीट त्या मानाने स्वस्त असते. पश्चिमेकडे जाताना बऱ्याच रात्री घड्याळ तासभर मागे घेतात, म्हणजे दिवस पंचवीस तासांचा. खराडीतले डेककर या सफरीबद्दल वारीबद्दल बोलावे तसे बोलतात. जात कोणी नाही, कारण एवढी रजा मंजूर होत नाही.

या दोन जातींखेरीज तिसरा एक प्रकार आहे. त्याची नोंद केल्याशिवाय विषय पुरा होत नाही. हा ‘नेलेल्यां’चा वर्ग: बार्शी, लातूर, अमरावतीहून खराडीला आलेले आई-बाबा. अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला दुसरा मुलगा असेल तर ते तिथल्याच बेयॉन बंदरातून बर्म्युडालाही जाऊन आलेले असतात. आईच्या पिशवीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी असते. घरचे शिजवलेले अन्न बोटीवर चढू देत नाहीत हे कळल्यावर ती मुंबईच्या बॅलार्ड पिअरवर सगळ्यांना दशमी वाटते, रखवालदारालाही. बाबा जीवरक्षक जॅकेटच्या कवायतीला वेळेआधी हजर राहून प्रात्यक्षिक दाखवणाऱ्या मुलीला शंका विचारतात. नंतर ते डेकला फेऱ्या मारतात आणि आई कठड्याशी बसून जप करते. बंदर आले तर उतरतात, नाही आले तर विचारत नाहीत. याचे कारण साधे आहे. मुलाने त्यांना तिकिटाची सांगितलेली रक्कम खऱ्या रकमेच्या तिसऱ्या हिश्शाइतकीच असते, आणि तीही ऐकून बाबा म्हणालेले असतात, “एवढ्यात काशी झाली असती रे.”

एका घरात एकाच जातीची माणसे सापडणे विरळा. नवरा बंदरकर आणि बायको डेककर, किंवा उलट, अशीच घडण बहुतेक फ्लॅटमध्ये आढळते. वाद जेवणाच्या टेबलावर सुरू होतो. “अरे, वर्षभर मी डबे आणि बस सांभाळते, तिथे पण सातला उठायचं?” याला उत्तर म्हणून तो शीट उघडतो. तडजोड म्हणून सात रात्रींची, पाच बंदरे आणि एक सी-डे अशी सफर निवडली जाते, कारण भूमध्य समुद्रातल्या बऱ्याच सफरी तशाच असतात. मग बंदरांच्या पाच दिवशी ती दमते, आणि सी-डेच्या दिवशी तो सकाळपासून नकाशा पाहत “आपण आत्ता सार्डिनियाजवळून चाललोय” असे दर तासाला जाहीर करतो.

जाती जन्मभर टिकत नाहीत. पंचावन्नच्या आसपास गुडघे बोलू लागले की बंदरकर नेपल्सला “तुम्ही जाऊन या, मी बघतो इथूनच” म्हणतो आणि रिकाम्या बोटीवर तलाव एकट्याचा असल्याचा शोध लावतो. खऱ्या डेककराला हे गुपित पहिल्यापासून माहीत असते आणि तो बंदराच्या दिवशी मुद्दाम खाली उतरत नाही. उलट दिशेचे धर्मांतर लहान वयात होते: दोन रात्रींच्या किनारा-न-लागणाऱ्या सफरीवर दुसऱ्या दुपारी डेककराला कळते की आपल्याला आपल्याशीच इतके बोलायचे नव्हते. कोणत्या जातीचे किती, हे हंगामावरही अवलंबून असते. पावसाळ्यात मुंबईच्या फेऱ्या थांबतात आणि खराडीतले सगळेच क्रूझकर ताम्हिणी घाटाकडे वळून तात्पुरते ताम्हिणीकर होतात.

पुढच्या सफरीची नोंदणी बऱ्याच जहाजांवर त्याच सफरीत, शेवटच्या सी-डेला होते. तिथे एक टेबल असते, सवलतीचा फलक असतो आणि अनामत भरली की जहाज, तारीख आणि मार्ग नंतर ठरवण्याची काही कंपन्यांत मुभा असते. खराडीचे जोडपे या टेबलाशी पाच मिनिटांत सह्या करून मोकळे होते. मार्गाचा रकाना कोरा असलेला तेवढाच एक कागद दोघांनाही मान्य असतो.