श्री. सीकेडीआयव्ही८ यांस खुले पत्र

मा. श्री. सीकेडीआयव्ही८,
मु. लो फ्यूज बाइट, बिट क्र. ७, पो. ॲटटायनी८५.

साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

पत्रास कारण की, आपल्या राज्यात सेकंद आठ सेकंदांचा झाला आहे. आमच्या शेजारच्या अकरावीतल्या मुलीने प्रोग्राम लिहिला: एलईडी एक सेकंद चालू, एक सेकंद बंद. ओळी इतक्या थोड्या, की चुकीला लपायला जागा नाही. एलईडी लागला, आणि मोबाइलच्या स्टॉपवॉचवर आठ सेकंद झाले तेव्हा कुठे विझला.

पुढे चोर सोडून संन्याशाला फाशी. ब्रेडबोर्ड बदलला, ३३० ओहमचा रेझिस्टर बदलला, एलईडी उलटा लावून पाहिला. (उलटा तो लागेचना. त्याचंही खापर प्रोग्रामवर.) आपण मात्र नामानिराळे. घरातला फ्यूज उडाला की निदान अंधार तरी होतो. आपण ठाण मांडून बसलात तरी सगळं चालू असतं, फक्त आठपट संथ.

कारभार कळला तो असा. चिपच्या आत ८ मेगाहर्ट्झचा आरसी ऑसिलेटर इमानेइतबारे धावतो, आणि आपण दारात बसून त्याच्या दर आठ ठोक्यांमागे एकच आत सोडता. उरतो १ मेगाहर्ट्झ. कारखान्यातून येतानाच आपण जागेवर बसलेले. त्यात रीत उलटी: बिटमध्ये शून्य म्हणजे आपण हजर, एक म्हणजे गैरहजर. सरकारी हजेरीपटालाही हे सुचलं नसतं.

साथीदारही तयारीचे. एफ_सीपीयू नावाचा आकडा प्रोग्रामला सांगतो की घड्याळ ८ मेगाहर्ट्झचं आहे. कंपायलर त्यावर विश्वास ठेवून मोजतो, किती चकरा मारल्या की एक मिलीसेकंद. चिपला कोणी विचारतच नाही. अर्ड्युइनोच्या टूल्स मेनूत ‘८ मेगाहर्ट्झ इंटर्नल’ निवडा, हजारदा अपलोड करा, बदलतो तो हाच आकडा. आपण जागचे हलत नाही. त्यासाठी ‘बर्न बूटलोडर’ दाबावं लागतं. या चिपवर ते बटण बहुतेक वेळा बूटलोडर टाकत नाही, नुसते फ्यूज लिहितं. हे अकरावीतल्या मुलीला स्वप्नात कळायचं होतं का?

मग तिने शहाणपणाची गोष्ट केली. १००० च्या जागी १२५ लिहिले. एलईडी सेकंदाच्या ठेक्यावर आला. प्रकरण मिटलं असं वाटून आपणही सुस्कारा सोडला असेल.

पण पुढच्या आठवड्यात तिने सर्वो जोडला. १.५ मिलीसेकंदाचा पल्स निघाला १२ चा, आणि सर्वो ढिम्म. काय बिघडलंय ते छापून बघावं म्हणून सॉफ्टवेअर सिरियल लावलं, ९६०० बॉडला. पडद्यावर नुसता कचरा. ‘काका, वायर बदलू का?’ असं विचारत तिने चाळा म्हणून मॉनिटरचा वेग खाली खाली आणला, आणि १२०० वर ‘हॅलो’ लख्ख उमटलं. ९६०० भागिले १२००. तिने भागाकार तोंडी केला आणि डेटाशीटच्या फ्यूजच्या तक्त्यात आपला पत्ता काढला.

आपली बाजूही ऐकून घेतली. आपल्या घराण्यातली ॲटटायनी८५व्ही १.८ व्होल्टवर चालवली तर तिला ४ मेगाहर्ट्झच्या वर झेपत नाही. अशा वेळी आपण दारात बसता ते चिपच्या भल्यासाठी. मान्य. पण इथे ५ व्होल्ट होते, साहेब. कोणाचं भलं करत होतात?

तर आपली बदली झाली आहे. लो फ्यूजमध्ये ६२ होते, तिथे एव्हीआरड्यूडने ई२ लिहिलं. हेक्समधला फरक फक्त आपल्या एका बिटाचा. शेजारच्या बिटांना हात लावला नाही. तिथे चुकून बाहेरचा क्रिस्टल निवडला गेला आणि तो जोडलेलाच नसला, तर चिपची वाचाच बसते आणि मग आपणच बरे होतात म्हणायची पाळी येते.

कळावे. लोभ नसावा.

आपला,
एक शेजारी

ता. क. आपण गेलात, पण ते १२५ तसेच राहिले. एलईडी आता सेकंदाला चार वेळा फडफडतो. त्याचंही बिल आपल्याच नावे फाडलं आहे.