वरचं दूध आणि वरचे सल्ले

आक्का! अहो आक्का, आधी ती मोटर बंद करा, टाकी वाहून चाललीय. हां. आता या अशा भिंतीजवळ, मोठ्यानं बोलायची गोष्ट नाही.

आमच्या वरच्या मजल्यावरची ती साताऱ्याची पोर बाळंत होऊन घरी आली, हे आपल्या अड्यारच्या गांधीनगरात कुणाला सांगायची गरज नाही. येणारी प्रत्येक बाई चपला काढायच्या आत विचारते, दूध पुरतंय का? तमिळ मामी ‘पाल पोदुमा’ म्हणतात, आपल्या मराठी बायका ‘पुरतंय ना गं’ म्हणतात, एवढाच फरक. टाके दुखतात का, रात्री डोळा लागतो का, हे कुणी विचारत नाही. आविनच्या दुधाच्या बूथवर चौकशी करावी तशा येतात नि जातात.

खाण्यापिण्यात काही कमी नाही हो. सासूबाईंनी अळिवाचे लाडू आणलेत, आईनं शतावरी कल्प पाठवलाय, तुमचं लसणाचं कुळंबू झालंच. ऊरूर कुप्पमहून येणारी कामवाली तर पुट्टू घेऊन आली. सुरा पुट्टू! सुरा म्हणजे शार्क मासा, आणि यांच्या घरात कांदासुद्धा चतुर्थीला चालत नाही. पोरीनं दार लावून खाल्ला. मी काही पाहिलं नाही, तुम्हीही ऐकलं नाही.

तर आता खरी गोष्ट. काल मी साखर मागायला गेले, तर तांदळाच्या डब्यामागे पावडरच्या दुधाचा डबा! पोर पांढरीफटक. म्हणते, काकू, कुणाला सांगू नका, रात्रीचं एकदा वरचं देते. डॉक्टरांना विचारून देते बिचारी, आणि लपवते चोरीच्या मालासारखं. बरं, मी तुम्हाला सांगतेय ते तिला विचारूनच. ती म्हणाली, आक्कांना सांगा, म्हणजे त्या तरी विचारणार नाहीत.

काय म्हणालात? आईच्या दुधासारखं दुसरं काही नाही? अहो, खरंच आहे की! पहिला चीक टाकू नये, सहा महिने अंगावरचंच द्यावं, पुढे जेवणाखाणाबरोबर दोन वर्षांपर्यंत किंवा त्याहून जास्त पाजावं, हे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्या डब्यावरही आईचं दूधच उत्तम असं छापलेलं असतं, छापावंच लागतं. 1992 चा कायदा आहे तसा. जाहिरात करायची नाही, फुकट नमुने वाटायचे नाहीत, कंपनीच्या माणसानं बाळंतिणीला गाठायचं नाही. चांगला कायदा आहे. पण तो कंपनीला बांधतो, आईला नाही. तिनं डबा घ्यायचाच नाही असं त्यात कुठे लिहिलंय? ते आपण लिहिलं, पायरीवर बसून.

शिवाय एकटी तीच आहे का? 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, सहा महिन्यांच्या आतल्या शंभर बाळांपैकी निव्वळ अंगावर पिणारी चौसष्टच्या आसपास निघाली. उरलेली छत्तीस कुणाच्या घरची? आपल्यातलीच ना? कुणाला पाणी पाजलं, कुणाला गुटी, कुणाला वरचं. आपली बाळगुटी आणि इथलं उरै मरुंदु बिनबोभाट चालतं. बोभाटा फक्त डब्याचा.

बरं, कारण विचारायचा आपल्याला काय हक्क? इथे जवळच कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे. तिथे केमोथेरपी घेणाऱ्या तरुण आईला अंगावर पाजता येत नाही. तिनं काय दारात उभं राहून फाईल दाखवायची? आणि जिला आजार नाही, नुसता थकवा आलाय, तिनं कुठलं सर्टिफिकेट आणायचं?

थोर आई कुणाला म्हणायचं, यावरून आठवलं. तुमचे पूर्वज एकोजीराजांच्या वेळी तंजावरला आले, तेव्हा रायगडची हिरकणी तुमच्या घरात पोचली की नाही कोण जाणे. गवळण होती. कोजागिरीला गडावर दूध घालायला गेली, सूर्य मावळला, दरवाजे बंद. घरी तान्हं. पहारेकरी काही सोडेना. मग उतरली बाई अंधारात कडा. शिवाजी महाराजांनी साडीचोळी दिली नि तिथे बुरूज बांधला, अशी कथा. आमच्याकडे एसटी स्टँडवर बाळाला पाजायची खोली असते, तिला हिरकणी कक्ष म्हणतात. नाव छानच. पण मला लहानपणापासून एक खुपतं. बुरूज बांधला तो वाट बंद करायला! पुढच्या गवळणीला संध्याकाळी दार उघडावं, असं काही झालेलं कथेत नाही. कडा उतरली की ती थोर आई. आणि जिचा पाय धजला नसता ती?

नाही, नाही, सरकारला मी नाही बोलत. तमिळनाडूनं 2015 च्या ऑगस्टमध्ये राज्यभरच्या बसस्टँडांवर अशा साडेतीनशेच्या आसपास खोल्या उघडल्या. एग्मोरच्या बालरुग्णालयात दूधपेढी आहे. आपल्याकडे याची सुरुवात मुंबईची बरं का! सायन हॉस्पिटलात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 साली सुरू केली, आशियातली पहिली. एका आईचं जास्तीचं दूध तापवून, गोठवून, दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या दुसरीच्या बाळाला. तिथे तुझं-माझं नाही, आणि आपल्या गल्लीत मात्र हिशोब.

या पोरीला ओएमआर रस्त्यावरच्या कंपनीत 26 आठवड्यांची पगारी रजा आहे, 2017 च्या दुरुस्तीनं मिळालेली. कुप्पमच्या कामवालीला कोण देतंय? तिला मुत्तुलक्ष्मी रेड्डींच्या नावाच्या योजनेतले 18,000 रुपये मिळाले, हप्त्याहप्त्यानं, त्यातच पोषणाचं किट. आपल्याच अड्यारच्या त्या डॉक्टरीणबाई. अव्वै होम त्यांचं, कॅन्सर इन्स्टिट्यूटही त्यांनीच 1954 साली काढलं. पैसे उपयोगी पडलेच. पण तिसऱ्या महिन्यात ती धुण्याभांड्याला हजर, तान्हं थोरलीच्या मांडीवर. पदर ओला व्हायचा तिचा आमच्या मोरीत. तेव्हा आपण कुणी म्हटलं का, सहा महिने पाज गं, आम्ही भांडी घासतो? मग आता कुठल्या तोंडानं शिकवायचं?

म्हणून मी ठरवलंय. पोरीला पाजायचंच असेल नि जमत नसेल, तर बाळ कसं धरायचं ते दाखवणारी नर्स बोलवू, चारचारदा बोलवू. आणि वरचं द्यायचं असेल तर ते नीट देऊ. तुमच्या माळ्यावरची चांदीची पालाडै काढा. आमच्याकडे तिला बोंडलं म्हणतात. उकळून घ्या म्हणजे झालं. पाणी उकळल्यावर अर्ध्या तासाच्या आत, गरम असतानाच पावडर घालायची, मग भांडं गार पाण्यात धरून कोमट करायचं. डब्यातलाच चमचा, सपाट, दाबून नाही. आणि डबा पुरवायला पाणी वाढवायचं नाही. हे तिच्या सासूबाईंना तुम्ही सांगा, तुमचं ऐकतात त्या. माझ्याशी लाडवातल्या गुळावरून जरा बिनसलंय.

दुपारी दोन ते चार बाळ तुमच्याकडे, संध्याकाळी माझ्याकडे, ती झोपेल. शुक्रवारी बारसं आहे, बायका येतील. कुणी दुधाचा विषय काढला की तुम्ही लगेच तंजावरच्या राजवाड्याची गोष्ट सुरू करायची, तुमची काही लवकर संपत नाही. आणि अंबट भाजी करणार आहात ना आज? जरा जास्त टाका, वर डबा न्यायचाय. वाटीभर माझ्यासाठीही.