जपून ठेवलंय

आमच्या सोसायटीतले नाना कधीही काही हरवत नाहीत. ते जपून ठेवतात. हरवलेली वस्तू कधी ना कधी सापडते. नानांनी जपून ठेवलेली सापडत नाही.

त्यांच्या घरी टीव्हीचा रिमोट पिशवीत असतो आणि पिशवी निसटू नये म्हणून तिला रबर असतं. सोफ्यावर कव्हर, कव्हरवर चादर आणि पाहुणे यायचे असतील तर चादरीवर पंचा. १९९४ साली घेतलेला मिक्सर केव्हाच भंगारात गेला, पण त्याचा खोका माळ्यावर आहे. खोक्यात थर्मोकोल, थर्मोकोलला मिक्सरच्या आकाराचा खळगा, आणि त्या खळग्यात इस्त्रीचं गॅरंटी कार्ड. इस्त्रीही भंगारातच गेली आहे.

कागदांच्या तीन फायली आहेत: 'महत्त्वाचे', 'अति महत्त्वाचे' आणि 'फार जपणे'. यांचा नियम साधा आहे. कागद जितका कामाचा, तितका तो उशिरा सापडतो. दूधवाल्याचा २००३ सालचा हिशेब एका मिनिटात हातात येतो. पासपोर्टला दोन दिवस लागतात, आणि तेही काकूंनी उपास धरला तर.

याचं कारण असं, की नानांच्या डोक्यात एक चोर बिऱ्हाड करून राहिलेला आहे. हा चोर फार हुशार. त्याला मराठी वाचता येतं, नानांचं अक्षरसुद्धा लागतं, आणि सोनंनाणं सोडून त्याला विम्याच्या पावत्याच हव्या असतात. त्याला चकवण्यासाठी नाना काहीही सरळ लिहीत नाहीत. एटीएमचा पिन त्यांनी एकदा उलटा लिहून ठेवला. पुढे तो उलटा लिहिलाय की सुलटा, हेच विसरले. मशीनने कार्ड गिळलं तेव्हा म्हणाले, "बघा, चोराचं काही चाललं असतं का?"

गाडीही जपलेलीच. २००६ सालची, सेकंडहँड. नानांच्या मते गाडी जपायची म्हणजे चालवायची नाही. पावसाळ्याचे चार महिने ती कव्हरखाली असते आणि दसऱ्याला झेंडू घालायला बाहेर काढतात. यंदा कव्हर काढून सेल्फ मारला, तर आतून फक्त 'टक्' असा आवाज आला. बॅटरीवाल्या पोराने येऊन बॅटरी बदलली. गाडी सुरू झाली, दिवे लागले, वायपर हलले. टेप लावला, तर पडद्यावर इंग्रजीत चारच अक्षरं आली: सेफ.

"अरे वा!" नाना खूश झाले. "सुरक्षित आहे म्हणतोय."

"काका, लॉक झालाय तो. कोड सांगा."

"कसला कोड?"

"चार आकड्यांचा. कार्ड असेल बघा गाडीच्या पुस्तकात."

नाना त्या पोराकडे कीव आल्यासारखं बघत म्हणाले, "त्या कार्डावरच छापलं होतं, गाडीत ठेवू नये म्हणून. मी ते घरात जपून ठेवलंय."

हे ऐकून काकू स्वयंपाकघरात जाऊन बसल्या.

खरं तर नानांच्या चोरासारखाच एक चोर या रेडिओवाल्यांच्याही डोक्यात होता. फरक एवढाच, की तो खरा होता. ब्लाउपुंक्ट या जर्मन कंपनीने १९३२ साली मोटारीसाठी रेडिओ काढला, तेव्हा त्याची किंमत एका छोट्या मोटारीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकी होती. एवढी महाग वस्तू काचेमागे ठेवल्यावर काच कधी ना कधी फुटणारच. पुढे युरोपात काचा फोडून रेडिओ उपसणं हा रोजचा धंदा झाला. मग कोणी अख्खा रेडिओ बाहेर निघेल अशी सोय केली, कोणी पुढची पट्टीच सुटी केली. आपल्याकडेही लोक ती पट्टी छोट्या डबीत घालून लग्नाच्या पंगतीला बसलेले मी पाहिलेत. शेवटी कोड आला. वीज तुटली की रेडिओने समजायचं, आपल्याला पळवलंय, आणि कोड मिळेपर्यंत तोंड उघडायचं नाही. अडचण एकच. रेडिओला चोर आणि बॅटरीवाला यांतला फरक कळत नाही. नानांना तरी कुठे कळतो? पोरगा बॉनेटखाली वाकलेला असताना ते पूर्ण वेळ त्याच्या स्पॅनरवर लक्ष ठेवून होते.

आठवणीवर भिस्त ठेवून नानांनी आधी जुन्या स्कूटरचा नंबर लावला. चुकला. मग लग्नाचं साल लावलं. तेही चुकलं, आणि गॅलरीतून बघणाऱ्या काकूंनी खाली कळवलं, की ते साल मुळात लग्नाचं नव्हतंच. दोन चुका झाल्यावर रेडिओने बटणं ऐकायचीच सोडली.

"आता तासभर चालू ठेवा, मग पुन्हा दोन चान्स," पोरगा म्हणाला. "होंडाच्या काही गाड्यांत बरं असतं. एक आणि सहा नंबरचं बटण दाबून टेप चालू केला की सीरियल नंबर पडद्यावरच येतो. याचा बाहेर काढून बघावा लागेल."

नानांनी पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला. चार आकडे म्हणजे दहा हजार शक्यता. तासाला दोन, म्हणजे पाच हजार तास. न झोपता दोनशे आठ दिवस. "पुढच्या वैशाखापर्यंत होईल," असं त्यांनी गंभीरपणे सांगितलं.

तोवर घर उलथंपालथं झालं होतं. फायली झाल्या, माळा झाला, मिक्सरचा खळगाही झाला. शेवटी काकूंनी फोनची जुनी डायरी काढली. 'क'मध्ये कोड नव्हता, 'ग'मध्ये गाडी नव्हती. 'र' उघडल्यावर काकू थबकल्या.

"हे रेडकर बिचारे गेले हो. दर दिवाळीला फोन लावायचे मी, तर नंबर अस्तित्वात नाही म्हणायचे. शेवटी गेल्या वर्षी मीच नावामागे 'कै.' लिहिलं."

"कोण रेडकर?" मी विचारलं.

नानांनी क्षणभर डोळे मिटले. "नीट चेहरा येत नाहीये. पण माणूस चांगला होता."

दुसऱ्या दिवशी पोराने दोन चपट्या पट्ट्या फटींत सरकवून टेप बाहेर ओढला आणि बाजूच्या स्टिकरवरचा सीरियल नंबर उतरवून घेतला. सर्व्हिस सेंटरने नंबरासोबत आरसी बुक आणि ओळखपत्र मागितलं. आरसी बँकेच्या लॉकरमध्ये जपून ठेवलं होतं. लॉकरची किल्ली घरात जपून ठेवली होती. अखेर सुनेने बंगलोरहून फोनवर डिजिलॉकर उघडून दिलं. लॉकर, आणि त्याला किल्ली नाही, हे नानांना फारसं पटलं नाही.

संध्याकाळी कोड आला. एकेका आकड्याला एकेक बटण, हवा तो आकडा येईपर्यंत दाबत राहायचं. चौथा आकडा बसला, 'सेफ' गेलं आणि गाडीत विविधभारती सुरू झाली. काकू पदराला हात पुसत खाली आल्या आणि मागच्या सीटवर जाऊन बसल्या.

नाना मात्र डायरी घेऊन आले होते. "या वेळी नीट लिहून ठेवतो. पण उघड नको. फोन नंबर वाटला पाहिजे, म्हणजे पुढचे आकडे काहीही, आणि शेवटचे चार खरे. नाव काय द्यावं बरं? रेडिओ… कार… रेडकर!"

स्वतःच्या हुशारीवर हसत त्यांनी 'र'चं पान उघडलं. नाव आधीच लिहिलेलं होतं. पुढे सात आकडी फोन नंबर होता आणि शेवटचे चार आकडे आत्ताच बटणं दाबून लावलेले.

गाडीत बराच वेळ फक्त गाणं चालू होतं. मग नानांनी खिशातलं पेन काढलं, टोपण नीट खिशात जपून ठेवलं, आणि रेडकरांच्या मागचं 'कै.' खोडलं.