श्वानसहित योगसाधना : नवसाधकांसाठी सूचना

पतंजलींनी योगाची आठ अंगं सांगितली. घरात कुत्रं असलेल्या साधकाने त्याआधी नववं शिकून घ्यावं : चपला उंचावर ठेवणं.

अनवाणी साधना म्हटली की चपला काढणं आलंच. रबरी स्लीपर असेल तर कुत्रं हुंगून सोडून देतं. कोल्हापुरी मात्र कमावलेल्या कातड्याची, वर आपण प्रेमाने तेल पाजलेली. ती अंगठ्याकडून खायला घेतात. आधी वेणी उसवायची, मग पट्टी, शेवटी टाच. जोड कधीच खात नाहीत, एकच खातात. यानंतर आपण अनवाणी का चालतो, याला आध्यात्मिक कारण शोधावं लागत नाही.

आता जागा. हठप्रदीपिकेत एकांतातली छोटी मठी सांगितली आहे. दगड, अग्नी आणि पाणी यांपासून दूर. पुण्यात अशी जागा ज्याला परवडते, त्याला मनःशांतीसाठी योग करावा लागत नाही. बाकीच्यांनी वेताळ टेकडी गाठावी. पावसाळ्यात चिखल असतो, त्याचं एवढं काही नाही. खरी परीक्षा दिवाळीनंतर, गवत वाळलं की. कुसळाच्या टोकाला बारीक उलटे केस असतात आणि मागे पीळ घातलेली शेपटी. दवाने ओल लागली की पीळ सुटायला लागतो आणि कुसळ गिरमिटासारखं फिरत आत घुसतं. आपल्या तळव्यातलं निदान दिसतं, चिमट्याने निघतं. कुत्र्याच्या बोटांच्या बेचक्यात किंवा कानात गेलेलं दिसत नाही. ते लंगडायला किंवा मान झटकायला लागलं की कळतं आणि मग थेट जनावरांचा डॉक्टर. तेव्हा आसनांआधी आणि नंतर सहाही पाय तपासावेत. एवढी सूचना गंभीरपणे घ्या.

टेकडीवर मोर आहेत, म्हणून कुत्रं मोकळं सोडू नये. काही साधक पट्टा घोट्याला बांधून वृक्षासन करतात. मोर दिसेपर्यंत ते उत्तम जमतं.

अय्यंगार गुरुजींनी याच शहरात दोर, वीट, खुर्ची, पट्टा अशी साधनं आसनांना जोडली आणि ज्यांची पाठ वाकत नव्हती त्यांनाही योग करता आला. त्यातला पट्टा तेवढा घरी ठेवून या. पट्टा हातात घेतला याचा कुत्र्याला एकच अर्थ माहीत असतो, आणि ‘आत्ताच तर फिरून आलो’ हे त्याला पटवता येत नाही.

अधोमुख श्वानासनाबद्दल वेगळं सांगायला हवं. पुढचे पाय जमिनीला, छाती खाली, मागचा भाग वर : कुत्र्यांच्या जगात याचा अर्थ ‘चल, खेळू या’ असा स्वच्छ आहे. आपण हे निमंत्रण देऊन मिनिटभर तसेच स्तब्ध राहतो. यात गैरवर्तन कोणाचं? ते बिचारं पोटाखालून दोनदा आरपार जातं, केस ओढून बघतं, तोंड चाटतं आणि तरीही आपण उठत नाही म्हटल्यावर भुंकतं. पाहुण्याला जेवायला बोलावून दार न उघडणाऱ्यांना याहून वाईट वागवलं जातं.

शवासन शक्यतो टाळा. घामातलं मीठ कुत्र्याला आवडतं, ते कपाळापासून सुरुवात करतं. त्यात टेकडीवरचे आजोबा थांबून ‘काय हो, बरं वाटत नाही का?’ विचारतात, आणि कुत्रं छातीवर बसलेलं असल्यामुळे आपल्याला उत्तर देता येत नाही.

निराश होऊ नये. दत्तगुरूंच्या पायाशी एक नव्हे, चार कुत्री आहेत आणि तरी त्यांना योगिराज म्हणतात. अर्थात त्यांच्या पायांत खडावा असतात.

शेवटची सूचना, हिच्यात सूट नाही. वाटेत कुत्र्याने जिथे बसून कार्यभाग उरकला असेल, तिथे कमरेतून पुढे वाका, हात जमिनीपर्यंत न्या आणि ते पिशवीत उचला. उत्तानासनही होतं. कुत्र्याच्या विष्ठेतून अंकुशकृमीची अंडी मातीत येतात, त्यांतून निघालेल्या अळ्या उघड्या तळव्याच्या कातडीतून आत शिरतात, म्हणून त्याला जंताचं औषधही वेळच्या वेळी द्या. उद्या सकाळी त्याच गवतावर दुसरं कोणी तरी अनवाणी येणार आहे.