पॅकमनची शेजपाळी

संगणकात सॉफ्टवेअर बसवणारा, काढणारा आणि नवं करून देणारा जो कारभारी असतो, त्याच्या सेटिंगच्या फाईलीत चालू ओळी मोजक्या आणि बंद ओळी ढीगभर असतात. ओळीच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह असलं की ती ओळ माणसानं वाचायची. कारभाऱ्यानं तिच्याकडे ढुंकूनही बघायचं नाही. हॅश खोडला की तीच ओळ हुकूम होते. इतक्या स्वस्तात सत्ता मिळण्याची जागा इंदापूर तालुक्यात दुसरी नाही, आणि आमच्या तालुक्यात सत्तेच्या जागांची वानवा आहे असं महाराष्ट्रात कुणी म्हणणार नाही.

मी वापरतो ते आर्च लिनक्स. जड व्हिनेट नावाच्या कॅनडातल्या प्रोग्रामरनं ते २००२ च्या मार्चमध्ये पहिल्यांदा बाहेर काढलं आणि त्याच्यासाठी पॅकमन नावाचा कारभारीही स्वतःच लिहिला. गावी, बावड्यात बसून आर्च कशाला, असं पुण्यातले मित्र विचारतात. जिथं वीज आणि नेट दोन्ही स्वतःच्या मर्जीनं येतात, तिथं रोज बदलणारं सॉफ्टवेअर घेऊन काय करायचं? प्रश्न वाजवी आहे. आर्चमध्ये पुढची आवृत्ती, मागची आवृत्ती अशी भानगड नसते. ते सारखं वाहत असतं, आपण भांडं लावायचं. एका अंगाला नीरा, दुसऱ्या अंगाला भीमा आणि पुढं नरसिंहपूरला दोघींचा संगम, अशा बेचक्यात राहणाऱ्या माणसाला वाहत्या गोष्टींचं फारसं भय वाटत नाही. हे उत्तर मित्रांना पटत नाही, पण ऐकायला बरं वाटतं.

ज्यांना फाईल उघडायचीच नसते त्यांची सोय आहे. उबुंटूवर सिनॅप्टिक नावाचा खिडकीवाला कारभारी मिळतो, आणि तो कसा वापरायचा याचा धडा आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पानं चक्क मराठीतून दिलेला आहे. धीम्या, समजुतीच्या सुरात एकेक बटण दाखवतात. भाच्याला मी आधी तोच दाखवला. त्याला अर्थातच मामाच्या काळ्या पडद्यावरची फाईल हवी होती.

तर ती पॅकमन.कॉन्फ. उघडल्यावर पहिल्यांदा दिसतात त्या फोल्डरांच्या पत्त्यांच्या ओळी: डाउनलोड केलेली पॅकेजं कुठं ठेवायची, नोंदवही कुठं, चाव्या कुठं. सगळ्या बंद. वर सूचना, की हे मूळचेच पत्ते आहेत, वेगळे हवे असतील तरच उघडा. म्हणजे हॅश काढून ओळ तशीच ठेवली, तर जे आधी घडत होतं तेच घडणार. भाच्यानं मोठ्या हौसेनं सहाही ओळींचे हॅश काढले. मागं उभे राहून बघणाऱ्या आण्णांनी विचारलं, “काय बदललं?”

“काहीच नाही, आण्णा.”

“मग असू द्या तसंच. बदल न होणारा बदल बरा असतो.”

आण्णा म्हणजे माझे वडील. त्यांची हयात उसाच्या सरीत दारं धरण्यात गेली. रात्री-अपरात्री बॅटरी घेऊन बांधावर जायचं, एका सरीचं तोंड फोडायचं, भिजली की मातीनं बुजवायचं आणि पुढच्या सरीचं फोडायचं. संगणकाचं त्यांना काही विशेष वाटत नाही; पण कशाचं तोंड उघडं आहे आणि कशाचं बंद, हे त्यांना लगेच दिसतं.

फाईलीच्या खालच्या अंगाला खरा मामला आहे. तिथं चौकोनी कंसात भांडारांची नावं येतात. आधी कोअर, मग एक्स्ट्रा. पूर्वी कम्युनिटी नावाचं आणखी एक होतं, ते २०२३ च्या मे महिन्यात एक्स्ट्रात विलीन झालं. एकाच नावाचं पॅकेज दोन भांडारांत सापडलं तर पॅकमन नवं-जुनं बघत बसत नाही. ज्या भांडाराचं नाव फाईलीत वर, त्याचं पॅकेज. खालच्याकडे कितीही ताजा माल असो.

“म्हंजे हेडवाल्याचंच,” आण्णा म्हणाले.

हा शेरा समजायला नीरा डावा कालवा माहीत हवा. १८७६ च्या दुष्काळानंतर इंग्रज सरकारनं तो हाती घेतला आणि १८८० च्या दशकात त्यात पाणी खेळलं. भाटघरचं धरण त्याच्या पोटाशी. दीडशे किलोमीटरहून लांब असा हा पाट बारामती ओलांडून इंदापूर तालुक्यात उतरतो, म्हणजे आम्ही त्याच्या शेवटाकडची माणसं. विश्वेश्वरय्या पुण्याकडे पाटबंधाऱ्यांचं काम बघत होते तेव्हा त्यांनी या भागात ब्लॉक पद्धत आणली: पाणी थोड्याच गावांनी पिऊन टाकू नये, तुकडे पाडून जास्त गावांत वाटलं जावं आणि एकट्या उसानं सगळं गिळू नये. आणि शेजपाळीचा दंडक असा, की पाळी फाट्याच्या शेवटच्या शेतापासून सुरू करायची आणि वर वर यायचं. टेलवाला आधी, हेडवाला शेवटी. आण्णांच्या मते यात माणसाचा स्वभाव ओळखलेला आहे: वरच्याला स्वतःची पाळी लवकर यायला हवी असेल, तर खालच्याचं रान लवकर भिजावं असं त्यालाच वाटू लागतं. उलटं केलं, तर वरचा भिजवून घरी जाऊन झोपतो आणि खालच्यापर्यंत पोचतो तो चारीतला गाळ.

जगातल्या कुठल्याही कालव्यावर नियम आणि पाणी एकाच दिशेनं वाहतील असं नसतं, हे वेगळं सांगायला नको. पॅकमनचा नियम शेजपाळीच्या अगदी उलटा, पण तो त्याला चिकटून राहतो. वर लिहिलेल्याला आधी म्हणजे आधी. पाण्यासाठी सात नंबरचा अर्ज भरायला नको, पाटकऱ्याला चहा पाजायला नको. आण्णांना हे एकीकडे अन्यायाचं वाटलं आणि दुसरीकडे त्याचं कौतुकही वाटलं. “चुकीचा नियम असंना का, पाळतोय तर.”

याच भागात मल्टिलिब नावाचं भांडार असतं, बंद केलेलं. बत्तीस बिटांची जुनी सॉफ्टवेअरं तिथं मिळतात. बहुतेकांना ते हवं असतं ते स्टीमवरच्या खेळांसाठी. भाच्यालाही त्याचसाठी. तिथं दोन ओळी आहेत: पहिली कंसातलं नाव, दुसरी सर्व्हरांची यादी कुठं आहे ते सांगणारी. दोन्हींचा हॅश काढावा लागतो. नुसतं नाव उघडलं तर पॅकमन तक्रार करतो, या भांडाराला सर्व्हरच दिलेला नाही म्हणून. पण नाव बंद ठेवून नुसती दुसरी ओळ उघडली तर मात्र तो गप्प राहतो, कारण त्याच्या लेखी ती ओळ वरच्या भांडाराची, म्हणजे एक्स्ट्राची होते. मल्टिलिब कोरडंच, आणि एक्स्ट्राला तेच सर्व्हर दुसऱ्यांदा. भाच्याला हे समजावताना मी कंस, ओळ, विभाग असे शब्द वापरत होतो. आण्णांनी एका वाक्यात आटपलं: “स्वतःचं बारं उघडलं न्हाई अन् पाटाला पाणी सोडलं, तर जाणार कुठं? शेजाऱ्याच्यात.” भाच्यानं दोन्ही हॅश काढले.

सर्व्हरांची यादी वेगळ्या फाईलीत असते. देशवार पत्ते, त्यांतलं भारताच्या नावाखालचं हवं ते आपण उघडायचं. पॅकमन वरून खाली एकेक पत्ता बघत जातो. ही यादी वेगाप्रमाणे लावून देणारा रिफ्लेक्टर नावाचा प्रोग्राम आहे, आणि तो रोज चालवणारी माणसं मी पाहिली आहेत. डाउनलोडमध्ये वाचवलेले सेकंद यादी लावण्यात घालवायचे, असा तो हिशेब. त्याबद्दल अधिक लिहीत नाही; त्यातले काहीजण माझे वाचक असण्याची शक्यता आहे.

माझा राग आहे तो ‘इग्नोर पॅकेज’ या ओळीवर. तिथं नाव घातलं की ते पॅकेज जसंच्या तसं राहतं. बाकी सगळं पुढं जातं. वरवर सोयीची ओळ. एखादं सॉफ्टवेअर जुनंच बरं होतं असं कुणाला वाटत नाही? पण आर्चमध्ये अर्धवट अद्ययावत करण्याला पाठिंबा नाही, असं ते लोक पुन्हा पुन्हा बजावतात, आणि त्याला कारण आहे. पॅकेजं एकमेकांच्या आधारानं उभी असतात. खालची लायब्ररी बदलली आणि वरचा प्रोग्राम जुनाच राहिला, की एका सकाळी तो उघडतच नाही. या ओळीत नाव घालताना प्रत्येकाला वाटतं, दोन आठवड्यांपुरतंच. दोन आठवड्यांनी ती ओळ आठवणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. आमच्याकडे पाहुण्याला ‘राहा की दोन दिवस’ म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच, की पाहुण्याला कधीतरी घरची आठवण येते.

याउलट ‘होल्ड पॅकेज’ ही ओळ मला फार समंजस वाटते. तिथं मुळातच दोन नावं लिहिलेली येतात, खुद्द पॅकमन आणि ग्लिबसी. ही काढायला निघालात तर पॅकमन आधी विचारतो, नक्की का? कारभाऱ्याला कारभाऱ्याकडूनच हाकलायला निघालेल्या माणसाला थांबवायची ही सोय आहे. ती कुणीतरी अनुभवावरूनच घातली असणार.

आणि मग कँडी. फाईलीत नसलेली, पण घातली तर चालणारी एक ओळ आहे: आय लव्ह कँडी. ती लिहिली की डाउनलोडच्या पट्टीवर एरवी सरकणाऱ्या रेघेऐवजी १९८० सालच्या खेळातला तो तोंड उघडणारा पॅकमन येतो आणि ठिपके खात पुढं जातो. शेजारची रंगाची ओळही उघडली असेल तर तो पिवळाही होतो. उपयोग शून्य. संथ नेटवर मात्र उपयोग बराच, कारण काहीतरी खाल्लं जातंय याचं समाधान असतं. नुसता टक्केवारीचा आकडा जागचा हलला नाही की आण्णा म्हणतात नेट गेलं. ठिपका जागचा हलला नाही की म्हणतात, चावतोय.

डेबियनवाल्यांकडे अशीच गाय आहे. त्यांच्या एपीटी या कारभाऱ्याच्या मदतीच्या मजकुरात शेवटी लिहिलेलं असतं, की याच्या अंगी महागाईची, म्हणजे मोठ्या गाईची शक्ती आहे. आणि त्याला हंबर म्हटलं की अक्षरांची गाय काढून तो विचारतो, आज तुम्ही हंबरलात का? त्याचा भाऊबंद ॲप्टिट्यूड मात्र जाहीर करतो, की आपल्यात तसली शक्ती नाही. घरटी दोन जर्सी असलेल्या आमच्या गल्लीत हे सांगितल्यावर कुणी हसलं नाही. फॅट किती लागते, एवढंच विचारलं.

फाईलीत आपण काही बदल केले आणि पुढं पॅकमनच्या नव्या आवृत्तीबरोबर नवी फाईल आली, तर तो आपल्या फाईलीला हात लावत नाही. नवी फाईल शेजारी पॅकन्यू असं शेपूट लावून ठेवतो आणि एक ओळ सांगून मोकळा होतो. दोन्ही फाईली ताडून बघायचं काम आपलं. गेल्या खेपेला मी आणि भाच्यानं त्या समोरासमोर ठेवल्या. नव्या फाईलीत अनेक सुधारणा होत्या, सूचनांची भाषा नीट केलेली होती. आमच्या फाईलीत आमचं असं फक्त तीन जागी होतं: मल्टिलिब, रंग आणि कँडी. नवी फाईल घेतली, मल्टिलिबचे दोन्ही हॅश काढले, रंगाचा काढला, आणि कँडीची ओळ हातानं लिहायला घेतली. ती लिहिताना आय, एल आणि सी मोठे हवेत, शब्दांत जागा नको. एक अक्षर लहान झालं तर पॅकमन ती ओळ ओळखत नाही. भाचा एल लहान काढत होता. आण्णा चष्मा लावून पुढं वाकले आणि म्हणाले, “थांब, मी सांगतो.”